ट्रॅक्टरचं टोपडं

गॅरेजवाल्याला किस्से गोळा करत हिंडावं लागत न्हाय बघा. गिऱ्हाईक सोताच्या पायानं घेऊन येतंय. आपण फक्त एअर क्लीनर खोलायचा!

शिरोळ रस्त्याला आमचं गॅरेज हाय. मी बाळू मेस्त्री, आन् माझे भागीदार दस्तगीर चाचा. चाचा मूळचे मंगळवार पेठेतले. उभा जन्म इंजिनात हात घालून काढला, पण दिवसाला दहा शब्द बोलतील तर शपथ. बोलायचं खातं माझ्याकडं हाय.

आमच्या फळीवर रंगाचा एक रिकामा डबा हाय. ट्रॅक्टर असू दे न्हायतर कंबाईन, त्याच्या हवेच्या वाटेतनं जे जे निघालं ते मी त्या डब्यात टाकतो. चिमणीचं घरटं, अर्धा बनियन, झेंडूचा हार, पोराच्या वहीचं कव्हर. एकदा तर लग्नाची पत्रिका निघाली, आन् लग्न आमच्याच भावकीतलं!

डिझेलात पाण्याचा एक थेंब सापडला तर ही माणसं पंपवाल्याच्या सात पिढ्या काढतील. पण इंजिन श्वास कुठनं घेतंय, विचारा की एकाला! बोनेट उघडून बॅटरी दाखवतंय.

*

सुमतीआक्का पाटलांचा ट्रॅक्टर आमच्याकडं पहिल्यांदा आला तो पुराच्या गाळासकट. एअर क्लीनर खोलला तर आत चिखल, आन् चिखलात जिता खेकडा. खेकडा डब्यात ठेवता आला न्हाय, पळाला.

मालक आण्णा वारल्यापासनं आक्का त्या एका ट्रॅक्टरवर घर चालवत्यात. शिवाप्पा ड्रायव्हर ठेवलाय, लोकांच्या रानात भाड्यानं रोटर मारून माती भुसभुशीत करायला. इंजिननं दोन पूर बघितलेत. दुसऱ्या पुरानंतर ब्लॉकला चीर गेल्ती, ती चाचांनी कशीबशी सांधली आन् त्या दिवसाचे दहाच्या दहा शब्द एकदम वापरले.

"आक्का, ह्ये इंजिन बिघडू देऊ नका. तिसऱ्यांदा खोललं की भंगारच."

आक्कांनी ते मनावर घेतलं. जरा जास्तच घेतलं. पंधरा दिवसांत फोन, ट्रॅक्टर ओढत न्हाय, काळा धूर मारतोय. गेलो. बघतोय तर काय, बोनेटवर ती छत्रीसारखी टोपी असती न्हवं, जिच्यातनं हवा आत जाती, तिला टोपडं! जुन्या इरकल लुगड्याचं, दुहेरी कापडाचं, खाली नाडी, नाडीला गाठ. तान्ह्या पोराला घालतात तसलं!

"मी सोता बसून शिवलंय," आक्का कौतुकानं म्हणाल्या. "आत मातीचा कण जाणार न्हाय बघ."

"कण न्हाय आक्का, वारं बी जाईना!" मी सुरू झालो. आजूबाजूला दहा माणसं जमलेली, मग तर काय. "नाक दाबलं की माणूस मरतंय का न्हाय? इंजिन बी मरतंय! टोपडं घातलं, आता पाळणा बांधा, अंगाई म्हणा!"

दहाच्या दहा माणसं हसली. आक्का हसल्या न्हाईत. त्यांनी नाडीची गाठ सोडली, टोपडं माझ्या हातात दिलं आन् घरात गेल्या. लुगड्याचा काठ चांगला होता म्हणून मी ते फेकलं न्हाय, डब्यात टाकलं. पुढं वर्षभर येईल त्या गिऱ्हाईकाला ते काढून दाखवलं आन् वरनं किस्सा सांगितला. लई हशा व्हायचा.

*

उदगावकडचे एक पावणं आले. नव्या ट्रॅक्टरचा कागदी फिल्टर काखेत मारून. म्हणाले, "मेस्त्री, इंजिन तेल खातंय. फिल्टरची काय तक्रार न्हाय हां! दर आठवड्याला पंक्चरवाल्याकडं नेऊन फुल प्रेशरनं हवा मारतो. त्याच्या आधी टायरवर आपटून घेतो. महिन्यातनं एकदा साबणाच्या पाण्यात."

"इस्त्री?" मी विचारलं.

"ती न्हाय मारली," पावणं गंभीरपणे म्हणाले.

चाचांनी त्यांना आत अंधारात नेलं. फिल्टर उभा धरला, मधल्या पोकळीत बल्ब सोडला आन् बटन दाबलं. चांगल्या फिल्टरमधनं नुसता मंद उजेड दिसतो. ह्यांच्यात लखलखाट! जागोजागी भोकं. अवसेच्या आभाळात नसतील एवढ्या चांदण्या.

"दिसलं का?" मी म्हणालो.

पावण्यांचं तोंड फुललं. "मग काय मेस्त्री! हवा फर्स्टक्लास जात असणार की!"

चाचांनी बल्ब काढला आन् चहाला निघून गेले.

*

शिकलेल्यांची तऱ्हा निराळी. ती जरा इंग्लिशमधनं चुकतात, एवढाच फरक.

एका कंबाईनची पावर उतरली, ऐन सोयाबीन काढणीत. मालकाचा आमच्यावर विश्वास न्हाय. त्यानं कागल पंचतारांकित एमआयडीसीतनं आपला भाचा बोलावला, इंजिनिअर. पांढरे बूट, गळ्यात ओळखपत्र, बगलेत लॅपटॉप. सोयाबीनच्या धुरळ्यात रुमाल अंथरून बसला.

मी लांबनं म्हणालो, "साहेब, फिल्टर बघायचा का आधी?"

"फिल्टर चोक झाला तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो," साहेब वर न बघता म्हणाले. "लागलेला नाही. म्हणजे फिल्टर क्लीन. सिस्टीम असते हो एक."

तासभर सिस्टीम चालली. ही वायर काढ, ती वायर जोड. कंबाईन आपलं उभंच, आन् मालक आभाळाकडं बघून कासावीस. मग चाचा वर चढले, डॅशबोर्डवर वाकले आन् नखानं कायतरी खरवडून काढलं. टिकली! खाली लाल दिवा भडक पेटलेला.

ड्रायव्हरला धरलं. तो म्हणाला, "आठ दिवस झालं लाल लाल दिसतंय. डोळ्यात खुपत होतं. म्हणून मंडळीची टिकली लावली."

फिल्टरच्या घरातनं पाटीभर भुस्कट निघालं. साहेबांनी बुटावरचं झटकलं आन् लॅपटॉपवर टाईप केलं, 'इंडिकेटर रिपेअर्ड.' टिकली डब्यात हाय, बघायला मिळंल.

*

आमच्याकडं एक भावी सरपंच हाईत. गेली तीन इलेक्शन भावीच हाईत, पण उत्साह बघा! एकदा त्यांनी ट्रॅक्टर रॅली काढली. सगळ्यात पुढं ह्यांचा ट्रॅक्टर, आन् ट्रॅक्टरच्या तोंडावर, जाळी सगळी झाकून, ह्यांचा फ्लेक्स. हात जोडलेला, गॉगल लावलेला.

आता सांगा, त्या जाळीतनंच रेडिएटरला वारा आन् तिथनंच इंजिनला हवा. अर्ध्या गावात काटा लालवर, वाफ वर, रॅली ठप्प. मागं हलगीवाले वाजवून वाजवून दमले. मला फोन आला, "मेस्त्री, पळत या, इज्जतीचा सवाल हाय!"

गेलो. बघितलं. म्हणालो, "दादा, तोंड काढा मधनं."

"कुणाचं?"

"तुमचं!"

कार्यकर्ते अंगावरच आले. दादांचा फोटो उतरवायचा म्हणजे काय! बराच वाद झाला. शेवटी तडजोड निघाली. फ्लेक्स तसाच ठेवायचा आन् कात्रीनं फक्त नाकाच्या जागी मोठं भोक पाडायचं.

पाडलं. रॅली निघाली. सगळ्या गावातनं इंजिननं भावी सरपंचांच्या नाकातनं श्वास घेतला. कापलेलं नाक डब्यात हाय.

*

आक्कांचा ट्रॅक्टर जुना, त्याला कागदी फिल्टर न्हाय. खाली तेलाची वाटी असती. हवा वरच्या नळीतनं येती, तेलावर आपटती, धुरळा तेलात बसतो आन् हवा पुढं जाती. सोपं काम. वाटीच्या आत एक रेघ हाय, तिथंपर्यंत इंजिन ऑईल घालायचं, बास.

एकदा मी वाटी सोडली तर घमघमाट! हुंगून बघितलं. शेंगतेल!

"आक्का म्हणाल्या चांगलं तेल घाल," शिवाप्पा म्हणाला. "मग घाण्याचं आणलं."

"व्हय व्हय, आता वरनं कांदा चिरून टाक! भजी तळून दे आम्हाला!"

मग मी त्याला ती रेघ दाखवली. एकदा न्हाय, तीनदा. "ही रेघ. ह्याच्या वर तेल गेलं तर इंजिन डिझेल सोडून हेच तेल ओढून पितंय. आन् एकदा प्यायला लागलं की कुणाच्या बापाला आवरत न्हाय! फुटूनच थांबतंय! डोकं हाय का खोकं?"

आक्का दारात उभ्या राहून ऐकत होत्या. फुटतंय म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. घरात गेल्या आन् दरवाजाचा उरलेला लाल रंग घेऊन आल्या. रेघ रंगवून घेतली.

"आता आंधळ्याला बी दिसंल," आक्का म्हणाल्या.

"आंधळ्याला दिसंल हो," मी म्हणालो, "शिवाप्पाला दिसंल का बघू!"

*

आता शेवटचा. हा मी सांगत न्हाय कुणाला. चाचा सांगतात. न बोलणारा माणूस, पण एवढा एक किस्सा शब्द न गाळता सांगतो.

खंडेनवमी. आक्कांनी सांगावा धाडला, पूजेआधी ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग करून द्या, उद्यापासनं रोटरची कामं लागल्यात. मी आन् चाचा गेलो. अंगण सारवलेलं, ट्रॅक्टर धुतलेला, चाकाखाली दगड. शेजारपाजारची माणसं जमलेली. भावी सरपंच फोटो काढायला आलेले.

वरची टोपी धुऊन उन्हात ठेवली, नळी उघडीच होती. खाली वाटी धुतली, तेल ओतायला घेतलं. समोर एवढी माणसं, मग मी गप कसा बसंन? टिकलीचा किस्सा काढला. साहेबाचा आवाज काढून दाखवला, "सिस्टीम असते हो एक!" माणसं लोटपोट. मी बी हसतोय, आन् तेल बी पडतंय. वाटी चढवली, क्लिप मारली.

"मार रे स्टार्टर, शिवाप्पा!"

इंजिन लागलं. फट फट फट, झकास. मग फटफट वाढली. मी म्हणालो, "ॲक्सिलेटर सोड!" शिवाप्पानं दोन्ही हात वर केले. त्यानं धरलाच नव्हता! आवाज चढत चढत नुसती किंकाळी झाली. निळापांढरा धूर, अंगण दिसंना. मी इंजिन बंद करायचा स्टॉपर ओढला. काय न्हाय. डिझेलचा कॉक बंद केला. काय न्हाय! बोनेट थडथडायला लागलं. शिवाप्पानं उडी टाकली. भावी सरपंच कुंपणावरनं पलीकडं गेले, धोतरासकट.

आन् मी? मी पळालो. तुळशीकट्ट्याच्या मागं जाऊन बसलो.

चाचांच्या पायात ट्रॉलीचा दांडा आला, ते आडवे झालेले. तिथनं ओरडत होते, पण त्या आवाजात कुणाला ऐकू येणार? शेवटी त्यांनी चिमटीत सोताचं नाक धरलं आन् माझ्याकडं बघून जोरजोरात दाखवायला लागले. मला वाटलं धूर नाकात गेला. मी बी माझं नाक धरलं.

आक्का पूजेचं ताट घेऊन पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी चाचांकडं बघितलं. ट्रॅक्टरकडं बघितलं. मग हळद, कुंकू, तांदूळ, निरांजन, सगळं अंगणात भिरकावलं. पदर खोचला, पुढच्या चाकावर पाय देऊन वर चढल्या, आन् ते पितळी ताट उघड्या नळीवर उपडं दाबलं. दोन्ही हातांनी. अंगाचा सगळा भार टाकून. ताट थरथरत होतं, आक्का थरथरत होत्या, पण हात हलले न्हाईत.

इंजिन एकदा खोकलं. दोनदा खोकलं. मेलं.

चाचा लंगडत उठले. थोडा वेळ थांबून फॅनचा पट्टा धरून इंजिन हातानं फिरवून बघितलं, कान लावला. "फिरतंय," म्हणाले. "वाचलं, आक्का." मग वाटी सोडली आन् सगळ्यांना दिसंल अशी उन्हात धरली. काठोकाठ तेल. लाल रेघ पार बुडाली होती.

मी तुळशीमागनं बाहेर आलो. आक्का अजून चाकावरच, ताट तसंच धरलेलं. कपाळाचं पाणी दंडाला पुसलं आन् माझ्याकडं बघितलं.

"नाक दाबलं की मरतंय, म्हणालतास न्हवं बाळू?"

माझा हात अजून नाकावरच होता, तो काढला.

"माझं टोपडं कुठं हाय?"

"डब्यात, आक्का."

"जा, घेऊन ये."

चाचांनी खिशातनं मोटरसायकलची किल्ली काढली आन् माझ्यापुढं धरली.