आपल्या हद्दीत नाय

ग्रामपंचायतीचं काम काय, असं कुणी विचारलं की मी म्हणतो, काय नाही ते विचारा. विहिरीत पावडर टाकायची. टाकली की पाण्याला वास मारतो म्हणून बायका शिव्या घालणार, नाही टाकली आणि गावाला जुलाब लागले की पंचायत समिती शिव्या घालणार. दिवाबत्ती, कोंडवाडा, घरपट्टी, जन्ममृत्यूच्या नोंदी, रहिवासाचे दाखले. आणि आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या पंचायतीला एक काम जादा. समुद्राने आणून टाकलेलं बेवारस प्रेत.

मी तिथे कारकून होतो. सही ग्रामसेवकाची, पण तो तीन गावं सांभाळायचा, त्यामुळे अक्षर माझं आणि अक्कलही माझीच. त्या अकलेचा मला फार तोरा होता.

आमची आणि खाडीपलीकडच्या गावाची पूर्वी एकच पंचायत होती. कार्यालय कुठल्या गावात बांधायचं यावरून भांडण पेटलं, सभेत खुर्च्या उडाल्या आणि सत्तरच्या दशकात एकदाचं विभाजन झालं. विहिरी वाटल्या, दिवे वाटले, रजिस्टरं वाटली. कार्यालयात एक पितळी तास होता. तास त्यांनी नेला, हातोडी आमच्याकडे राहिली. ना त्यांना वाजवता आला ना आम्हाला. हद्द ठरली खाडीच्या तोंडाशी. आता खाडीचं तोंड दर पावसाळ्यात सरकतं, हे कागदावर रेघ मारणाऱ्याला कोण सांगणार? म्हणून वाळूत, सुरूच्या झाडांपाशी एक दगड पुरला. दगडाच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते.

ऐंशीनंतरची गोष्ट. भाद्रपदातली सकाळ होती. आमचा शिपाई, कोळीवाड्यातलाच म्हातारा, दारात येऊन म्हणाला, "भाऊ, प्रेत लागलंय."

नेमकी त्याच दुपारी दफ्तर तपासणी होती. सरपंच पालघरला गेलेले. प्रेत आपल्या हद्दीत म्हणजे पोलीस पाटील, मग पोलीस, पंचनामा, डॉक्टर, खड्डा, कापड. दोन दिवस त्यातच जाणार. मी चडफडतच गेलो.

प्रेत दगडाच्या अलीकडे होतं, दहा पावलांवर. उताणं. चेहरा माशांनी ठेवला नव्हता. मला आठवतो तो शर्ट. त्याचा खिसा जाळ्याच्या जाड निळ्या दोऱ्याने शिवला होता, गाठी मारून मारून. "कुठल्या टेलरकडे टाकला होता रे हा?" मी म्हणालो. होय, असं बोललो मी. शिपाई हसला नाही. त्याने पाण्याकडे बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, भरती लागलीय."

"मग थांबू," मी म्हणालो.

आम्ही दगडाला टेकून बसलो. त्याने विडी ओढली, मी तपासणीला कुठलं रजिस्टर आधी पुढे करायचं ते ठरवत होतो. प्रेताला आम्ही बोट लावलं नाही. पाणी चढलं, प्रेत हललं, खाडीच्या तोंडात शिरलं आणि हळूहळू पलीकडे जाऊन लागलं.

"आपल्या हद्दीत नाय," शिपाई म्हणाला.

"नाय," मी म्हणालो.

दुपारी तपासणी झाली. काम समाधानकारक असा शेरा मिळाला. पलीकडच्यांनीही कुणाला कळवलं नाही, हे नंतर कानावर आलं. त्यांच्या शिपायाने वर वाळूत खड्डा काढला आणि प्रेत पुरून टाकलं. कागद इकडेही नाही, तिकडेही नाही.

सहा दिवसांनी ती आली. आमच्याच कोळीवाड्यातली, मासळी विकणारी, तोंडाने फटकळ. तिचा नवरा दुसऱ्या गावच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला होता, तो परत आलाच नाही. स्वतःवर बालंट नको म्हणून बोटीचा म्होरक्या, तांडेल, सांगत सुटला, गुजरातच्या बंदरात उतरला असेल, खलाशी पळतातच. गावाला तेवढं पुरलं. नवऱ्याने टाकली म्हणायला लोक मोकळे झाले. तिच्या जिभेचे फटके खाल्लेले तर जास्तच.

पाटी बाहेर ठेवून ती उंबऱ्यात बसली. "भाऊ, तो बुडालाय. मला रांडाव म्हना, चालंल. टाकलेली म्हनू नका. तसं कायतरी लिवून द्या."

प्रेत नाही तर मृत्यूची नोंद नाही, सात वर्षं थांबावं लागेल, असं मी तिला समजावलं. तोवर बेपत्ता म्हणून पोलिसांकडे अर्ज करू. लिहायला बसलो. नाव, वय, रंग. ओळखीची खूण?

"शर्टाचा खिसा," ती म्हणाली. "उसवला व्हता. जाळ्याच्या निळ्या दोऱ्यानं शिवला मी. हाताशी तीच सुई व्हती."

माझा पेन थांबला. शिपाई माठापाशी उभा होता, तो बाहेर निघून गेला. मी ती खूण लिहिली, नेहमीच्या वळणदार अक्षरात. बोललो नाही. बोललो असतो तर नोकरी गेली असती, पोलीस दारात आले असते, घरात दोन लहान मुलं होती. सगळं खरं आहे. आणि मी भेकड होतो, तेही खरं आहे.

पुढे ती दर महिन्याला यायची. अर्जाची नक्कल पदरात बांधलेली असायची, ती सोडून माझ्यापुढे ठेवायची. "वाचा." मी भराभरा वाचायचो. खुणेच्या ओळीशी आलो की म्हणायची, "हळू." एकदा मी चिडलो. "बाय, तेच तेच काय ऐकतेस? उत्तर आलं की कळवीन ना."

"तरी वाचा."

तिसऱ्या वर्षी तिच्या मुलीला एडवणकडचं स्थळ आलं आणि परत गेलं. बाप पळालेला, घर कसलं असेल, म्हणाले. ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पुढच्या महिन्यात ती आली की सांगायचंच, असं ठरवलं. पुढच्या महिन्यात मी रजा टाकली.

सात वर्षं भरली. पालघरच्या कोर्टाचा कागद घेऊन ती आली. शिपाई तोवर वारला होता. मी मृत्यूचं रजिस्टर उघडलं आणि रकाने भरत गेलो. मृत्यूचं ठिकाण.

"काय लिहू?" मी विचारलं.

"तुमीच सांगा."

मी मान वर केली. ती माझ्याकडेच बघत होती.

"पलीकडच्या शिपायाची बायको बाजारात माज्याजवळ बसते," ती म्हणाली. "पयल्याच वर्षी बोलली ती. खिशाचं बोलली, आनि तुमी दोघं दगडाला टेकून बसला व्हता, ते तिच्या नवऱ्यानं पलीकडून बघितलं तेपन. आवसेला मी त्या खड्ड्यावर फूल ठेवून येते."

"मग इतकी वर्षं..." मी म्हणालो.

"तिचा नवरा बोलनार नाय, त्याची नोकरी जाईल. माजं कोन ऐकतं? तुमी पंचायतीचं मानूस. तुमी बोलला असता तर लोकांनी ऐकलं असतं. म्हनून येत व्हते. आज बोलतील, उद्या बोलतील."

रकाना मोकळा होता. तेव्हा तरी मी खरं लिहायला हवं होतं. मी 'समुद्रात' असं लिहिलं, दाखला तयार केला आणि तिच्या हातात दिला.

तिने तो परत माझ्यापुढे ठेवला. "वाचा."

मी वाचला. ठिकाणापाशी आलो. ती 'हळू' म्हणाली नाही, तरी मी हळू वाचलं. "समुद्रात."

तिने दाखल्याची घडी केली, पदराला गाठ मारली आणि बाहेर जाऊन पाटी डोक्यावर घेतली.

"बरं झालं, भाऊ," ती म्हणाली. "तुमची हद्द वाचली."