‘थम’ म्हणायचं राहिलं

मी मुळातच संशयी बाई. भाजीवालीनं न मागता मूठभर कोथिंबीर जास्त घातली, तरी मी घरी येऊन वांगी उलटसुलट करून बघते. अंगारा कपाळाला लावून घेते, पण तो आईचं मन मोडू नये म्हणून. तेव्हा असला अनुभव लिहायला मी बसावं, याचं माझं मलाच हसू येतं. जे घडलं तेवढंच सांगते. त्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

माझे वडील, अण्णा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि कोरेगावजवळच्या आमच्या गावी ऊस करू लागले. चार वर्षांपूर्वी साताऱ्याच्या डॉक्टरांनी अल्झायमरचं निदान केलं. अण्णा आधी उसाच्या पाण्याची पाळी विसरले, मग जावयाचं नाव, आणि गेल्या वर्षी मला. ‘बाई, तुमचं गाव कोनतं?’ असं मला अदबीनं विचारायला लागले. मी साताऱ्यात लग्नांचं शूटिंग करते. पाठवणीच्या वेळी रडणारे दुसऱ्यांचे बाप मी शेकड्यानं टिपलेत. आपला बाप पुरता हातचा जाण्याआधी त्याची एक फिल्म करावी असं मनानं घेतलं आणि गावी येऊन राहिले. प्रेमापोटी करतेय, असं सगळ्यांना सांगायचे. खरं सांगायचं तर ती कुठल्यातरी महोत्सवात जावी, चार लोकांनी वा वा म्हणावं, हेही मनात होतं. आईला ते बरोबर कळलं होतं. ‘त्येंला कळत न्हाई, पन तुला तरी कळतंय न्हवं?’ एवढंच ती एकदा म्हणाली. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

अण्णा कॅमेऱ्यापुढं ठरत नसत. पण मला एक युक्ती सापडली. बाकी सगळं गेलं तरी परेडचे हुकूम त्यांच्या अंगात शाबूत होते. ‘सावधान’ म्हटलं की टाचा जुळायच्या. ‘तेज चल’ म्हटलं की चालू लागायचे आणि ‘थम’ म्हटलं की जागच्या जागी उभे. फौजीच्या लेकीलाच सुचावी अशी ही चलाखी. तेव्हा मला तिचं कौतुक वाटायचं, आता आठवलं की मान खाली जाते.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. उसातल्या गाडीवाटेनं अण्णा पाठमोरे लांब चालत जाताहेत, असा शॉट मला हवा होता. त्यांच्या बंडीच्या खिशात आवाज टिपणारा छोटा रेकॉर्डर ठेवला, गळ्याशी माइक लावला आणि हुकूम सोडला, ‘तेज चल!’ काय ऐटीत निघाले! ऊन मस्त पडलेलं. तेवढ्यात कॅमेऱ्याची बॅटरी संपली. मी खाली बसून बॅगेतली दुसरी शोधून बसवली आणि वर बघितलं, तर वाट मोकळी. ‘थम’ म्हणायचं राहून गेलं होतं.

पुढचे पाच तास कुणावर येऊ नयेत. भावकीतले लोक मोटारसायकली घेऊन निघाले, दोघं कॅनॉल बघायला गेले. कॅनॉलकडं जायचा मला धीर झाला नाही. धावत धावत माळावरच्या भैरोबाच्या देवळापाशी पोचले. आत गेले नाही. चपला पायात तशाच ठेवून पायरीशी उभी राहिले आणि म्हटलं, ‘तू असलास तर त्यांना आण. मी कॅमेरा सोडते. पण आधी आण, मग सोडते.’ बघा, देवाशीसुद्धा माझा व्यवहार असा.

दुपारी दोनच्या सुमारास एक बाई अण्णांचा हात धरून घरामागच्या परड्यातून आत आली. दिवाळीनंतर जतकडची माणसं मेंढरं घेऊन आमच्या बाजूला चरायला येतात, त्यांच्यातली होती. ‘तुमचंच न्हवं ह्ये फौजीबाबा? भाकरी खाऊन घटकाभर निजलं व्हतं पालावर. गावात इचारत आले,’ ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच माझी नजर अण्णांच्या बोटाकडं गेली. सोन्याची अंगठी नव्हती. तिच्याशी मी बोललेलं पहिलं वाक्य काय असावं? ‘अंगठी कुठंय?’

‘भैरोबाला वाहिली त्येंनी.’

‘असं सगळेच म्हणतात,’ मी म्हटलं. आई मला गप्प करत राहिली, तिला चहा घे म्हणाली. बाईनं माझ्याकडं एकदा बघितलं. ‘नगं आक्का, मेंढरं ऱ्हायल्यात,’ म्हणाली आणि निघून गेली. देवळात जाऊन खात्री करावी असंही मला वाटलं नाही. माझ्या लेखी ती चोर ठरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं बंडी धुवायला काढली आणि खिशातला रेकॉर्डर माझ्या हातात दिला. तो मी साफ विसरले होते. आता पुरावाच सापडला, म्हणून मी हेडफोन लावून बसले.

आधी नुसती उसाच्या पाचटावरची पावलं आणि अण्णांचं पुटपुटणं, ‘एक, दो, एक.’ मग त्या बाईचा आवाज. ‘आवं बाबा, कुटं निघालाय? थांबा की.’ पावलं थांबली नाहीत. लांबून कुणीतरी पुरुष ओरडला, ‘आगं आडव की त्येंला!’ त्यावर ती म्हणाली, ‘पुढनं आडवलं की मेंढरू बी उधळतंय. बाजूनं चालत ऱ्हायलं की आपसूक वळतंय.’ आणि मग पावलांचे दोन जोड. तास-सव्वा तास! ती त्यांना आपल्या लंगड्या मेंढीचं सांगत होती, धाकट्या नातवाचं सांगत होती. तुमचं नाव काय, गाव काय, असं एकदाही विचारलं नाही तिनं. आणि मी? दिवसातून दहादा कॅमेरा रोखून विचारायचे, ‘अण्णा, मी कोण? सांगा बघू.’

मग घंटा वाजली आणि पावलं थांबली. कुणी ‘थम’ म्हटलं नव्हतं. अण्णांचा आवाज आला, गेल्या वर्षभरात ऐकला नव्हता असा स्वच्छ.

‘देवा, पोरगी मागं ऱ्हायली माजी. लय येळ झाला, हाक न्हाई आली तिची. चुकली असंल कुटंतरी. तिला घरला आन.’

दगडावर काहीतरी खणकन वाजलं. ‘आवं, अंगठी ऱ्हाऊ द्या, घरची वरडत्याल,’ बाई म्हणाली. अण्णा म्हणाले, ‘लेकीपरास जास्त हाय व्हय?’

मी हेडफोन काढले आणि ढसाढसा रडले. त्याच देवळाच्या पायरीशी नंतर मी उभी राहिले होते, अटी घालत. त्यांनी एकही अट घातली नव्हती.

देवळात गेले. अंगठी भैरोबाच्या पायाशी, झेंडूखाली होती. मी ती तिथंच ठेवली. मग त्या बाईची माफी मागायला माळापलीकडं गेले, तर पालं उठलेली. तीन दगडांची चूल आणि लेंड्या तेवढ्या मागं. कुणी म्हणालं, मेंढरं उंब्रजकडं गेली. दोन दिवस उंब्रजच्या शिवारात हिंडले. पण विचारणार काय? तिचं नावच मी विचारलं नव्हतं. ती सल गेलेली नाही, आणि जाऊ नये.

फिल्म अर्धीच राहिली. कॅमेरा लग्नांपुरता काढते, अण्णांवर रोखत नाही. माझा संशयी स्वभाव बदलला म्हणाल, तर तसं नाही. वांगी अजून उलटसुलट करते. पण एक कळलं. देवाला मी ‘असलास तर’ म्हणाले, तरी त्यानं राग धरला नाही. मी विचारायच्या आधीच एका बाईला बाजूनं चालायला धाडलं होतं. आता मीही हुकूम सोडत नाही. रोज संध्याकाळी अण्णा नेतील तिकडं त्यांच्या बाजूनं चालते. वळतात ते आपसूक, देवळाकडंच.

तिथं ते रोज हात जोडून विचारतात, ‘देवा, पोरगी आली का रं माजी?’

‘आली, अण्णा,’ शेजारून मी सांगते. ‘सुखरूप घरी आली.’

ते माझ्याकडं वळून हसतात. ‘मग चला बाई, बिगीनं जाऊ. भेटंल तरी.’