नानांनी ऐकलेला गडगडाट

मी शाळेत फिजिक्स शिकवते. भास, संकेत वगैरे गोष्टी मी कायम हसण्यावारी नेल्या... पण मुल्लानपूरचा तो रविवार मला अजून सुटलेला नाही.

समीरच्या बदलीमुळे आम्ही चंडीगडला आलो. गेल्या वर्षी सासरे, म्हणजे नाना, लातूरहून आमच्याकडे राहायला आले. दोन्ही कान पूर्ण गेलेले, मशीनचाही उपयोग नाही. आम्ही लिहून दाखवायचो, ते मान हलवायचे. हळूहळू बोलणंच थांबलं. जेवणसुद्धा खोलीत.

मे महिन्यात आम्ही चंडीगडजवळच्या मुल्लानपूरला एक प्लॉट बघायला गेलो. दुपारचे साडेचार, आभाळ स्वच्छ, नुसता उकाडा. मोकळ्या शेतात एकच उंच झाड होतं. त्याच्या सावलीत सतरंजी टाकली. मी चहा ओतत होते, तोच नाना उठून उभे राहिले.

"गडगडायलंय. चला, गाडीत बसा."

आमची नऊ वर्षांची इरा हसली. तिला मराठी कळतं, पण बोलते हिंदीत. "नानाजी, आसमान तो बिल्कुल साफ है!" तिने वर बोट दाखवलं.

"येवढं मोठं गडगडायलंय... तुम्हाला ऐकू येईना का?"

मला वाटलं, आता यांना भास व्हायला लागले. पण किती महिन्यांनी ते एवढं बोलले होते! समीर हळूच म्हणाला, "चल, बाबांचं ऐकू या." सामान तिथेच टाकून आम्ही गाडीत बसलो, काचा वर केल्या.

दहा मिनिटांत धुळीची भिंत चालून आली. आंधी! मग लख्ख उजेड आणि कानठळ्या बसवणारा कडकडाट... वीज थेट त्या झाडावर. खोडाची साल उभी सोलून निघाली. इरा किंचाळून मला बिलगली.

नानांनी आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. "आवाज झाला का?"

तो त्यांना ऐकूच आला नव्हता!

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आम्ही गाडीतून उतरलो नाही. वर्गात मी हेच शिकवते.

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. कान तसेच. समीर म्हणतो, जमिनीची कंपनं जाणवली असतील. मग शेजारी पडलेली वीज कशी नाही जाणवली?

त्या आंधीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आपणहून टेबलावर येऊन बसले. चहा घेत म्हणाले, "काल तुम्ही माझं ऐकलंत..." आणि मग तासभर बोलतच राहिले.