नणंदेची ओटी
कोऱ्या खणाचा वास आला की नणंदेचं डोहाळजेवण आठवतं. तोवर माझी दोन बाळं पोटातच गेली होती. माझ्या गर्भाशयात जन्मतःच पडदा आहे, त्यामुळे बाळ टिकत नाही, हे यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं होतं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. ओटी भरायला मी नारळ घेऊन उठले, तशी चुलतसासू म्हणाली, "तू कायले उठली व? बस तिकडं." मी म्हटलं, "काकू, पडदा माह्या पोटात हाय, हातात नाही." नणंदेनं पाटावरूनच पदर पसरला, "वहिनी, पहिले तुमीच भरा." पुढे पडद्याचं ऑपरेशन झालं, तरी माझी मुलगी आठव्या महिन्यातच आली. आज ती शाळेत जाते. ती झाली नसती, तरी पुढच्या ओटीला मी उठलेच असते.