विभावरीचा न दुखणारा गुडघा

विभावरी रिसबूडच्या दोन्ही गुडघ्यांना आयुष्यात कधी काही झालं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण जर्मनीतल्या वाल्डॉर्फच्या मराठी मंडळात आजही ते फारसं कुणाला पटणार नाही.

विभावरी अठ्ठेचाळीस वर्षांची, मूळची पुण्याची, सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांना नम्रपणे कळवणं हा तिचा व्यवसाय. नवरा कुमारही तशाच कंपनीत, फक्त चुका करणाऱ्यांच्या बाजूला. चाळिशीत ती इथे पुन्हा सायकलवर बसली आणि तेव्हापासून दर शनिवारी सकाळी दोघं जंगलातल्या रस्त्यानं जवळच्या श्वेत्झिंगन गावाला जायची. राजवाड्यासमोर कॉफी, दोघांत एक केक आणि परत. आठवडाभर त्यांच्यात ‘दूध संपलंय’ आणि ‘दियाच्या शाळेचं पत्र वाचलंस का’ एवढंच बोलणं व्हायचं. बाकीचा संसार सायकलवर चालायचा.

गेल्या वर्षी विभावरीची पाळी लहरी झाली. कधी वीस दिवसांत हजर, कधी दोन महिने पत्ता नाही. आणि त्याच सुमारास खाली खाज, आग, अंगावरून जाणं असं सगळं सुरू झालं. आपोटेकेतल्या, म्हणजे औषधांच्या दुकानातल्या बाईंनी बुरशीवरचं मलम दिलं. आठ दिवसांत बरं वाटलं. दीड महिन्यानं पुन्हा तेच. पुन्हा मलम. चौथ्या खेपेला ती शेजारच्या गावातल्या आपोटेकेत गेली. इथल्या बाई आता ‘नेहमीचंच ना?’ असं हॉटेलात विचारतात तसं विचारायला लागल्या होत्या.

सायकलच्या सीटवर बसणं म्हणजे तापल्या तव्यावर बसणं झालं. पण हे सांगायचं कुणाला आणि कोणत्या शब्दांत? घरात तिला या जागेसाठी ‘तिथे’ आणि ‘खाली’ एवढेच दोन शब्द शिकवले होते, आणि तेही खालच्या आवाजात. एका शनिवारी कुमार हेल्मेट घालून दारात उभा राहिला, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, “आज नको रे. गुडघा दुखतोय.”

गुडघा ही मराठी माणसाची सार्वजनिक मालमत्ता आहे. रविवारपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर बातमी पोचली होती. मैत्रीण ईप्सितानं पट्टा आणून दिला. तिच्या नवऱ्यानं, शिरीषनं, व्यायामाचे सात व्हिडिओ पाठवले आणि ते पाहिलेस का म्हणून सात वेळा विचारलं. कुमारनं तर हाडांच्या डॉक्टरांची टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळवली. ऑगस्टमधली. जर्मनीत एवढ्यात टर्मिन मिळणं म्हणजे लॉटरी. त्यानं पेढेच वाटायचे बाकी ठेवले होते.

इकडे विभावरीनं आपल्या परीनं लढाई चालू ठेवली. आपल्याकडे कुठल्याही संकटावर पहिला उपाय म्हणजे घासणं. पुण्याहून आणलेलं जंतुनाशक पाण्यात घालून धुणं, गुलाबाच्या वासाचा खास साबण, रविवारी तुरटीच्या पाण्यात बसणं. खाजलं की धुवायचं, धुतलं की आणखी खाजायचं. “मामा, मिंडेस्टेन्स पाऊण तास!” म्हणजे ‘आई, निदान पाऊण तास झाला’, असं सोळा वर्षांची लेक दिया बाथरूमच्या दाराबाहेरून निम्म्या जर्मनमध्ये ओरडायची.

मार्चमध्ये सासूबाई आल्या. शैलाबाई, वय चौऱ्याहत्तर, तीन महिन्यांच्या व्हिसावर, बॅगेत गुडघ्याच्या तेलाच्या चार बाटल्या. “आता तू काही काळजी करू नकोस,” असं म्हणून त्यांनी रोज संध्याकाळी सुनेला सोफ्यावर बसवून तेल चोळायला सुरुवात केली. धडधाकट गुडघा पुढे करून सासूकडून सेवा करून घेताना विभावरीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सगळ्या घराला ओव्याचा वास यायला लागला.

एप्रिलमध्ये कुमारनं जेवताना सहज सांगितलं, “सायकलींची जाहिरात टाकलीय मी. शनिवारी अकराला एकजण बघायला येतोय.”

विभावरीचा घास हातातच राहिला. “दोन्ही?”

“मग काय! तळघरात उतरलं की तुला तुझी दिसणार आणि वाईट वाटणार. आणि तुझ्याशिवाय मी एकटा जाऊन काय करू? अख्खा केक कोण खाणार?”

तो मनापासून बोलत होता, हीच तर पंचाईत. खऱ्याला खरं उत्तर द्यायला हवं होतं, आणि तिनं डाळ वाढून घेतली.

त्या संध्याकाळी शैलाबाई तेलाची वाटी घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, “कुठला?”

“काय कुठला, आई?”

“गुडघा गं. काल उजवा होता, आज डावा पुढे केलायस.”

टेस्टरबाईंची चूक सापडली होती. विभावरीनं घाईघाईनं पाय बदलला, तेव्हा तर पुरावाच झाला.

“गुडघा दुखणारी बाई जिना उतरताना कण्हते,” शैलाबाई वाटी बाजूला ठेवत म्हणाल्या. “तू जिना धडाधडा उतरतेस आणि खुर्चीवर बसताना कण्हतेस. बाथरूममध्ये तुरटीचा खडा आहे. मी म्हातारी आहे, आंधळी नाही.”

विभावरीनं पुढे केलेला पाय मागे घेतला.

“माझी कंबर दुखायची,” शैलाबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. “तुझ्याएवढी असताना सुरू झाली. कंबरेला काही झालं नव्हतं. तुझ्या सासऱ्यांनी सतरा तेलं आणली. बिचारे स्वतः चोळायचे. गेले तरी त्यांना कळलं नाही.” मग एकदम नेहमीच्या आवाजात, “उद्या डॉक्टरणीकडे जायचं. माझ्यासारखी वर्षं काढू नकोस. फुकट जातात ती.”

“अहो आई, टर्मिन लागते. दोन महिने—”

“फोन कर आणि म्हण, आग होतेय. आग लागल्यावर बंबवाले तारीख देतात का?”

बंबाचा उल्लेख वगळून विभावरीनं सकाळी फोन केला, आणि कुणीतरी न आल्यामुळे तिला शुक्रवारी सव्वाआठची वेळ मिळाली. डॉक्टर ब्रेनर या उंच, शांत बाई. त्यांनी तपासलं, काडीवर नमुना घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. “यात बुरशी नाही,” त्या म्हणाल्या. “या वेळी जिवाणू आहेत. त्यावर बुरशीचं मलम काय करणार? आधीच्या खेपांना तपासणी झाली होती?”

“नाही.”

“धुता कशानं?”

इथे विभावरी जरा ताठ बसली. हा पेपर तिचा पक्का होता. जंतुनाशक, गुलाबाचा साबण, तुरटी, दिवसातून तीनदा. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“फ्राउ रिसबूड, तिथले चांगले जंतू हे भाडेकरू नव्हेत, घराचे मालक आहेत. वाईट मंडळींना तेच बाहेर ठेवतात. या वयात इस्ट्रोजेन खालीवर होत उतरायला लागतं, त्वचा पातळ आणि कोरडी होते, या जंतूंचं खाणं तुटतं. त्यात तुम्ही रोज तीनदा त्यांच्यावर औषध फवारताय.”

“कुठले जंतू हे?”

“दह्यात असतात ना, त्यांचे चुलतभाऊ.”

विभावरी पार गार झाली. तिच्या फ्रिजमध्ये पंधरा वर्षांचं विरजण होतं. भारतात जाताना ती ते ईप्सिताकडे ठेवायची, थंडीत भांड्याला शाल गुंडाळायची, चमचा ओला नको म्हणून दियावर ओरडायची. आणि स्वतःच्या विरजणात मात्र वर्षभर जंतुनाशक ओतत होती.

तिचा चेहरा बघून डॉक्टर घाईनं म्हणाल्या, “दही खायचं. लावायचं नाही!” बहुधा आधी कुणीतरी लावून आलं असावं. मग त्यांनी जिवाणूंसाठी जेल दिलं, त्यानंतर वापरायला कमी मात्रेचं इस्ट्रोजेनचं मलम, रक्तातली साखर तपासायला चिठ्ठी, आणि बाहेरून धुवायला नुसतं कोमट पाणी. “फरक पडायला काही आठवडे लागतील. पुन्हा त्रास झाला तर दुकानात नाही, इकडे यायचं. आणि हो, यात लाजण्यासारखं काही नाही. आज सकाळपासून या तक्रारीच्या तुम्ही दुसऱ्या.”

सव्वाआठला आलेली विभावरी दुसरी होती! रस्त्यावर आल्यावर तिला त्या पहिल्या अनोळखी बाईचे आभार मानावेसे वाटले.

राहिला कुमार. संध्याकाळी तो स्वयंपाकघरात शतावरी, म्हणजे इथली वसंतातली लाडकी पांढरी भाजी, सोलत होता. तिनं दार लावलं आणि एका दमात सगळं सांगितलं, ‘तिथे’ आणि ‘खाली’ न म्हणता, चक्क ‘योनी’ म्हणून. शब्द उच्चारला आणि छत काही कोसळलं नाही. कुमारच्या हातातली सोलणी मात्र थांबली.

“म्हणजे वर्षभर तू... आणि मला वाटलं, तू माझ्यावर रागावलीयेस. वेगळ्या खोलीत झोपायला लागलीस. मी घोरण्यावरची पट्टी पण आणली.”

“ती नाकावरची घोरण्यासाठी होती? मला वाटलं, सर्दी.”

दोघं हसायला लागली, आणि हसता हसता कुमारनं डोळे पुसले. कांदा नव्हता, शतावरीनं डोळ्यांत पाणी येत नाही.

“मग ती ऑगस्टची टर्मिन रद्द करू?” विभावरीनं विचारलं.

“वेड लागलंय? मिळालेली टर्मिन कुणी रद्द करतं? माझे गुडघे दाखवून येतो.”

शनिवारी अकराच्या ठोक्याला सायकली बघायला आलेल्या गृहस्थांची कुमारनं दहा वेळा माफी मागितली आणि त्यांना शैलाबाईंच्या हातची चकली दिली. ते खूश होऊन गेले.

एकदम जादू झाली नाही. मे महिन्यात एकदा पुन्हा त्रास झाला, पण या वेळी विभावरी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेली, आणि आठवड्यात ते आटोपलं. साखर उत्तम निघाली. जंतुनाशकानं आता फरशी पुसतात. मंडळात कुमारनं विचारपूस करणाऱ्यांना “आईच्या तेलानं गुण आला” असं सांगून टाकलं, आणि शिरीषनं दोन बाटल्यांची ऑर्डर दिली. ईप्सिताला मात्र विभावरीनं खरं सांगितलं. ती फोन काढत म्हणाली, “त्या ब्रेनरबाईंचा नंबर दे.”

शैलाबाई मे संपताना परत गेल्या. विमानतळावर विभावरीनं त्यांच्या पर्समध्ये एक कागद सरकवला: त्यांच्या वयातही हा त्रास बरा होऊ शकतो, हे तिनं डॉक्टरांना विचारून घेतलं होतं.

जूनच्या तिसऱ्या शनिवारी, शतावरीचा हंगाम संपायच्या आत, दोघं श्वेत्झिंगनला पोचली. विभावरी सगळा रस्ता पुढे होती. केक आला आणि फोन वाजला. पुण्याहून शैलाबाई.

“जाऊन आले गं. इथली डॉक्टरीण भली आहे. म्हणाली, आजी, एवढी वर्षं कशाला थांबलात?”

“मग तुम्ही काय सांगितलंत, आई?”

“काय सांगणार? म्हटलं, सून जर्मनीत होती, तिचा गुडघा दुखायची वाट बघत होते.”