दोन देशांतून काढलेल्या माणसाची नात

मी अमेरिकेला निघाले त्या दिवशी बाबा गिरणीच्या गेटसभेतून थेट विमानतळावर आले. ब्याऐंशीचा जानेवारी होता. मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. शर्टावर युनियनचा बिल्ला, घसा घोषणांनी बसलेला. आई डोळे पुसत होती. बाबांनी माझ्या नवऱ्याच्या, सतीशच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "दोन महिन्यांत मिटेल सगळं. तू मागे बघत बसू नकोस. आणि तिकडे काम शोध. नुसती मिसेस होऊन राहू नकोस."

दोन महिन्यांत काहीच मिटलं नाही, हे लालबागला राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना मी काय सांगायचं! माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांना सांगायचं आहे ते वेगळंच.

सतीशची नोकरी कॉम्प्युटरची. आम्ही पार्सिपनी नावाच्या गावात अपार्टमेंट घेतलं. माझ्याकडे टेक्स्टाइलचा डिप्लोमा होता आणि बाबांनी उभं आयुष्य साचेखात्यात काढलेलं, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात. पार्सिपनीहून अर्ध्या तासावर पॅटरसन नावाचं जुनं गिरणगाव आहे, हे कळल्यावर मी तिथे जाऊन टायचं रेशमी कापड विणणाऱ्या एका गिरणीत नोकरी मिळवली. कापड तपासायचं काम. तिथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला एक काकू म्हणाल्या, "अगं, गिरणीतून सुटायला अमेरिकेत आलीस ना? आणि परत गिरणीतच?"

"सुटायला नाही आले, काकू. काम करायला आले," मी म्हटलं. मला पुढच्या हळदीकुंकवाचा फोन काही आला नाही.

गिरणीत मला पहिल्यांदा आपलंसं वाटलं. मागांवर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यांचा खडखडाट तोच होता. आणि तिथे असुंता होती. पन्नाशी उलटलेली, बुटकी विणकरीण, आवाज खणखणीत. मागांच्या आवाजात जन्म काढलेल्यांचा तसाच होतो, माझ्या बाबांचाही झालाय. लंच ब्रेकमध्ये ती तिच्या आजोबांची गोष्ट सांगायची. इटलीच्या उत्तरेला, डोंगरांच्या पायथ्याशी बिएल्ला म्हणून भाग आहे. तिथे पूर्वी घरोघरी हातमाग होते. मग नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या गिरण्या आल्या आणि विणकरांना घरातला माग सोडून मालकाच्या मागावर उभं राहावं लागलं. कधी यायचं, कधी जायचं, किती बोलायचं, सगळं मालक ठरवणार. आजोबांनी संप केला. मग त्या भागात त्यांना कुणी दारात उभं करेना, म्हणून ते बायकामुलं घेऊन पॅटरसनला आले. आणि इथे येऊन त्यांनी पुन्हा संप केला, तेव्हा इथल्या गिरणीतूनही त्यांना काढलं.

"दोन देशांतून काढलेला माणूस," असुंता सांगायची, ते असं, की एखाद्याने घरातल्या डॉक्टरबद्दल सांगावं.

मी तिला बाबांबद्दल सांगितलं. तेव्हापासून दर सोमवारी ती मागावरूनच ओरडायची, "तुझ्या बाबांचा संप?"

"चालू!"

"गुड!"

वर्षभराने गिरणीत नवे माग आले. धोटा नसलेले, वेगवान, आणि नेमके इटलीत बनलेले. ते बसवायला पिएत्रो नावाचा मेकॅनिक इटलीहून आला. चाळिशीचा, बूट असे की सतीशच्या बॉसकडेही नसतील. तो सांगायचा, की त्याचे आईवडील दुसऱ्याच्या शेतात राबायचे, घरात नळ नव्हता. युद्धानंतर कारखाने उभे राहिले, आईवडील तिथे कामाला लागले आणि वीसेक वर्षांत सगळा भाग बदलून गेला. आता त्याच्या दारात दोन गाड्या आहेत आणि उन्हाळ्यात समुद्रावर घर असतं. तो हसत असुंताला म्हणाला, "तुझ्या आजोबांनी थोडी कळ काढायला हवी होती. तिथेच राहिले असते तर आज तू गिरणीची मालकीण असतीस."

असुंताने माग थांबवला. "माझे आजोबा भांडले, म्हणून मागे राहिलेल्यांचे कामाचे तास कमी झाले. तुझ्या आईबापाला कारखान्यात रविवारची सुट्टी मिळाली ना? ती कुणी दिली, मशीनने?"

पिएत्रोने हात वर केले. पण त्यानंतर तो रोज आमच्याबरोबर जेवायला बसू लागला. त्यानेच आम्हाला सांगितलं, की इटलीत काही ठिकाणी मोठ्या गिरण्या मोडल्या, तेव्हा कामगारांनी त्यातलेच माग घेतले आणि गॅरेजमध्ये, गोठ्यात बसवले. गावंच्या गावं कारखाने झाली.

"आणि गॅरेजमध्ये संप कुणाविरुद्ध करायचा? नवऱ्याविरुद्ध?" असुंताने विचारलं.

"खरंय," तो म्हणाला. "माझी बहीण असा माग रात्रंदिवस चालवते. पाळणा मागाशेजारीच असतो."

विणकरांना नव्या मागांचं ट्रेनिंग देण्याचं काम मॅनेजरने डिप्लोमा बघून मला दिलं. मला प्रमोशन मिळालं म्हणून सतीशने मित्रांना जेवायला बोलावलं. पुढच्याच आठवड्यात मॅनेजरने केबिनमध्ये घेऊन दार लावलं. म्हणाला, "ही म्हातारी माणसं महाग पडतात. मालक आले की तू फक्त म्हण, यांना नवीन मशीन जमत नाही. मग आपण तुझ्या देशातली माणसं घेऊ. तुलाही बरं वाटेल."

मला माझ्या देशाचं नाव असं वापरलेलं आवडलं नाही. आजही आवडत नाही. तुमच्यापैकी कुणाला कधी असं केबिनमध्ये बोलावलं असेल, तर मी काय म्हणतेय ते कळेल. आपल्याला आत घेतात, ते कधीकधी दुसऱ्याला बाहेर काढण्यासाठी.

मालक आले. सगळे मागांपाशी उभे होते. मॅनेजर माझ्याकडे बघत होता. मी मोठ्याने म्हटलं, "जमतंय यांना. सगळ्यांना. चालवून दाखवतील." आणि असुंताने माग सुरू केला.

त्या शुक्रवारी माझी नोकरी गेली. विणकरांना मात्र लगेच काढता आलं नाही, मालकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं ना. सतीश चिडला. "यार, तू गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?" मी लालबागच्या चाळीखालच्या वाण्याच्या दुकानात फोन लावला आणि बाबांना बोलावून घ्यायला सांगितलं.

इकडचं काही सांगायच्या आधीच बाबा म्हणाले, "गिरणी उघडली. पुन्हा संप करणार नाही असं लिहून दिलं तरच आत घेतात. मी नाही दिलं लिहून."

"मीही नाही दिलं, बाबा," मी म्हटलं, आणि काय झालं ते सांगितलं.

 ते म्हणाले, "जेवलीस का?" आईने तेव्हा घरीच खानावळ सुरू केली होती आणि बाबा पोळ्या भाजायला बसत होते. हे मला नंतर भावाकडून कळलं.

दोनेक वर्षांनी ती गिरणीही बंद पडली. नवे माग ट्रकवर चढून दक्षिणेकडे गेले, जिथे युनियन नव्हती. टायचं कापड आता खुद्द इटलीहूनच स्वस्तात येत होतं. जुने धोट्याचे माग भंगारात निघाले. असुंताचा फोन आला, "ट्रक घेऊन ये."

मी गेले. आणि ट्रक सतीशने चालवला, हेही लिहायलाच हवं. तिच्या भावाच्या रिकाम्या गॅरेजमध्ये आम्ही दोन माग बसवले. असुंता, मी आणि आमच्याच गिरणीतला विणकर सॅल, तिघांची सारखी भागी. पिएत्रोच्या बहिणीची आठवण ठेवून पहिल्याच दिवशी नियम केला: संध्याकाळी पाचला माग बंद, रविवारी कुलूप. मोठ्या गिरण्या ज्यांना हात लावत नाहीत अशी लहान कामं आम्ही घेतली. चर्चमधल्या पाद्र्यांच्या झग्यांचं कापड, नाटक कंपन्यांचे जरीकाठ. इकडेच जन्मलेली माझी लेक गॅरेजमध्ये आली की कान झाकायची. "इट्स टू लाउड, आई!" मी म्हणायची, "असू दे लाउड."

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात असुंता आयुष्यात पहिल्यांदा बिएल्लाला गेली. तिच्या चुलतभावाची तिथे लोकरीची गिरणी होती, मोठं घर, बाग. त्यांनी तिला कायमचं राहायचा आग्रह केला. महिनाभरासाठी गेलेली बाई दहा दिवसांत परत आली.

"आवडलं नाही?" मी विचारलं.

"फार सुंदर आहे. सगळे गोड बोलतात. पण मी त्यांच्याकडे पाहुणी होते, आणि पाहुणीने भांडायचं नसतं." तिने एप्रन बांधला आणि ताण्यातला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांतला, तुटलेला धागा शोधू लागली. "सॅलने हा ताणा कसा भरलाय? बोलव त्याला!"

मला मंडळात अजून विचारतात, लालबागहून पत्रांतही विचारतात, की तू घरी कधी येणार? मी येते. आईच्या हातचं जेवते, बाबांशी गिरण्यांवरून वाद घालते आणि परत येते. कारण घर मला दोन ठिकाणी आहे, आणि त्यातलं एकही सोडायची माझी तयारी नाही. जिथे मला कुणी गप्प बसवू शकत नाही, ते माझं घर. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी पॅटरसनला यावं. पाचच्या आत या, माग चालू असतील, मोठ्याने बोलावं लागेल.