चुन्याच्या रेघांचा पंचनामा

ती चौकशी मी अजून विसरलेलो नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता, वर्तमानपत्रात एक ओळ छापून आली नाही. तरी नोकरीतली कोणती केस लक्षात राहिली असं कुणी विचारलं की मी हीच सांगतो, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. पडू दे.

महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं. महाड-पोलादपूरच्या बाजूला एका ठाण्यावर मी फौजदार होतो. कोणत्या ठाण्यावर ते सांगणार नाही आणि नावंही कुणाची घेणार नाही. गणपतीचा बंदोबस्त संपला होता, माणसं थकली होती, आणि टपालात एक निनावी अर्ज आला.

अर्ज ज्या कामाबद्दल होता ते आधी सांगतो. एका विद्यापीठाला परदेशातल्या एका संस्थेने संशोधनासाठी पैसा दिला होता. आंबेनळी घाटाच्या खालच्या उतारांवर पाऊस किती पडतो आणि नाचणी-वरीच्या वरकस, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या, जमिनीतली माती किती वाहून जाते, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी बारा वाड्यांत पाऊस मोजायचे डबे बसवले होते. रोज सकाळी डब्यातलं पाणी रेघा आखलेल्या ग्लासात ओतायचं आणि किती रेघा भरल्या ते टिपायचं. या कामाला वाडीतला एकेक माणूस रोजंदारीवर नेमला होता. सगळ्यांवर देखरेख करायला महाडचाच एक तिशीतला, इंटर पास झालेला तरुण होता. लोक त्याला पाऊसमास्तर म्हणत.

अर्जात लिहिलं होतं, 'मास्तरच्या मस्टरवरची बाराच्या बारा माणसे ममईला गिरणीत कामाला आहेत. त्यांच्या नावाने पगार काढून मास्तर खातो.'

आमचे हवालदार त्याच भागातले, अनुभवी. त्यांनी दोन दिवसांत खबर काढली आणि खुशीत परत आले.

"साहेब, अर्ज खरा हाय. बाराही जण ममईला. एक पण गावात नाय. केस पिकलेली हाय, तोडायची बाकी."

मलाही तसंच वाटलं. मास्तरला ठाण्यावर बोलावून घेतलं. तो मस्टर आणि पावसाची वही छातीशी धरून आला. दारातून आत आलेल्या माणसाचे हात कुठे असतात ते मी आधी बघत असे. याचे हात वहीवर होते, खिशाकडे किंवा तोंडाकडे नव्हते. पण तेव्हा मी त्याला महत्त्व दिलं नाही.

"ही माणसं मुंबईत आहेत की नाहीत?" मी विचारलं.

"आहेत."

"मग नावांपुढचे हे अंगठे कोणाचे?"

"त्यांच्या बायकांचे. पाऊस त्याच मोजतात, साहेब. पैसेही मी त्यांच्याच हातात देतो."

"वा! मग मस्टरवर बायकांची नावं का नाहीत?"

"पहिल्या महिन्यात त्यांचीच लिहिली होती. गावकी बसली आणि म्हणाली, बायामाणसांची नावं कागदावर नकोत. कागदावर नाव लागलं की समन्स येतं. नावं काढा, नाहीतर बाया डब्याला हात लावणार नाहीत. मी विद्यापीठाला पत्र लिहून विचारलं, घरधन्याचं नाव लिहून बाईचा अंगठा घेतला तर चालेल का."

"उत्तर?"

"आलं नाही. दुसरं पत्र पाठवलं, तेही गेलं कुठेतरी. पावसाळा तोंडावर आला होता. मी लिहून टाकलं."

मी त्याला दिवसभर धारेवर धरलं. उलटसुलट विचारलं, बसवलं, उठवलं, हवालदारांनी आवाज चढवून पाहिला. त्याचं एकच. शेवटी तो म्हणाला, "मला आत टाकायचं तर टाका, साहेब. पण वही जप्त केलीत तर कोरडी ठेवा. तीन पावसाळे आहेत तिच्यात." त्याची आई महाडला अंथरुणाला खिळलेली होती, घरात कमावता तो एकटा. तिच्याबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही. मला ते हवालदारांकडून कळलं. अफरातफरीचा गुन्हा लागला असता तर त्याचं आयुष्य संपलं असतं, आणि कागद सगळे त्याच्या विरुद्ध होते.

मी विद्यापीठाला कळवलं. मला वाटलं, एखादे प्राध्यापक येतील आणि प्रकरण मिटवा म्हणतील. आले ते साठीला टेकलेले एक हेडक्लार्क. काडीसारखे, काखेत छत्री, हातात सुतळीने बांधलेलं दप्तर. बाहेरून येणाऱ्या संशोधनाच्या पैशाचे करार, शर्ती, हिशेब, अहवाल, सगळं त्यांच्या टेबलावरून जात असे. एसटीने अंग आंबलं होतं, पण चहाही न घेता ते बसले आणि बोलू लागले.

"फौजदारसाहेब, माझ्या माणसाला सोडा असं सांगायला मी आलो नाही. बाहेरचा पैसा शर्तीवर येतो. काम करणाऱ्याच्याच नावाने मजुरी द्यायची, ही शर्त आहे आणि ती मोडली. ते मी देणाऱ्यांना कळवणार आहे. दसऱ्यानंतर त्यांचा माणूस तपासणीला येतोय. तुम्ही मला फक्त एवढं शोधून द्या, पाऊस खरा मोजलाय का? तो खोटा असेल तर मी स्वतः काम बंद करायला सांगेन."

मग त्यांनी दप्तर सोडलं आणि दोन पत्रं माझ्यासमोर ठेवली. मास्तरचीच.

"ही माझ्या विभागात भलत्याच फायलीत लावली गेली होती. येण्यापूर्वी चार दिवस शोधली. चूक आमची. माझा जबाब घ्या आणि त्यात हे लिहा."

माझ्या नोकरीत ठाण्यावर येऊन स्वतःची चूक लिहून घ्या म्हणणारा सरकारी किंवा निमसरकारी माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी त्यांना खुर्ची पुढे सरकवून दिली आणि चहा घ्यायलाच लावला.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे, म्हणजे मी, हवालदार, हेडक्लार्क आणि मास्तर, सर्वांत वरच्या वाडीला गेलो. दोन पंच वाडीतलेच घेतले. डबा वाडीच्या खालून वाहणाऱ्या ओढ्यापलीकडच्या मोकळ्या माळावर होता. त्यातलं पाणी मोजणारी बाई चाळिशीची, भातातून आली होती, पाय चिखलाने भरलेले. वह्यांचा आणि टोप्यांचा घोळका बघून ती जराही बिचकली नाही.

"बाई, हा अंगठा कोणाचा?"

"माजा. पैसं बी मास्तर माज्याच हातात देतात."

"आणि नाव?"

"ते घरच्यांचं."

"ते तर मुंबईला. मग त्यांच्या नावापुढे तुम्ही अंगठा कसा दिलात?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मलाच काही कळत नाही. "घर त्यांच्या नावावर हाय. डबा घराला दिलाय. मग नाव दुसऱ्या कोनाचं लावायचं?"

यात लबाडी शोधायची तरी कुठे? सातबारा त्याच्या नावाचा, घरपट्टी त्याच्या नावाची, डबाही त्याच्याच नावाचा. मी विचारलं, "तुम्हाला लिहिता येतं?"

"नाय."

"मग मास्तर आठवड्याने येणार, तोवर रोजचा पाऊस लक्षात कसा राहतो?"

"या, दावते."

तिने आम्हाला आत नेलं. चुलीमागची सारवलेली भिंत चुन्याच्या रेघांनी भरली होती. ग्लासाच्या एका रेघेला एक आखूड रेघ, दहा झाल्या की एक लांब, आणि कोरड्या दिवसाला नुसता ठिपका. दर बाजाराच्या दिवशी नवी ओळ. मास्तरने बाराही घरांना हेच शिकवलं होतं. तो येऊन भिंतीवरून वहीत उतरवून घेई.

"बघायचं तर आताच बघा, साहेब," ती म्हणाली. "घट बसायच्या आत भिंत सारवायची हाय. आदल्या वर्साचं सगळं सारवून गेलं."

सुऱ्यांचे, बैलगाड्यांचे, मोडक्या कुलपांचे पंचनामे मी कितीतरी केले होते. भिंतीवरच्या पावसाचा तो पहिलाच. हेडक्लार्क वहीतला आकडा वाचायचे, हवालदार उकिडवे बसून रेघा मोजायचे, पंच माना हलवायचे. रेघ न् रेघ जुळली. श्रावणातल्या एका मंगळवारी मात्र भिंतीवर बोटभर जागा कोरी होती. वहीतही त्या दिवशी काहीच नव्हतं, आणि बुधवारपुढे लिहिलं होतं, 'दोन दिवसांचा मिळून'.

"इथं काय झालं?"

"ओढा भरला होता. पलीकडं जायाला जमलं नाय. न बघता कशी रेघ मारू?"

हेडक्लार्कांनी चष्मा काढून पुसला. "गेल्या वर्षीही असे चार-पाच दिवस कोरे आले होते. मीच याला खरमरीत पत्र लिहिलं होतं, रकाने रिकामे ठेवू नका म्हणून." ते मास्तरकडे वळले. "तू भरले नाहीस."

"नाही, साहेब. पाऊस बघितलाच नव्हता."

खोटी वही करणारा माणूस रकाना रिकामा ठेवत नाही. तो सगळं भरून, सुबक करून आणतो. मला खात्री पटत चालली होती. तरी दुसरा आधार असावा म्हणून ठाण्यावर परतताच मी त्या मंगळवारची आमची स्टेशन डायरी काढली. ओढा खरंच भरला होता का, ते तिच्यातल्या गस्तीच्या नोंदीवरून कळणार होतं.

डायरीत हवालदारांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'ओढा ओलांडून वरच्या वाडीस गस्त घातली. सर्व ठीक.' खाली माझी सही.

म्हणजे बाई खोटी, नाहीतर आम्ही. मी हवालदारांना बोलावलं आणि पान पुढे केलं.

"सांगा," मी म्हणालो.

"नाय गेलो, साहेब. खालच्या वाडीपर्यंत गेलो. तिथनं पानी बघूनच मागं फिरलो. डायरी मोकळी दिसली तर तुमी रागवाल म्हणून लिवलं."

तो माणूस घाबरला होता तो मला. डायरीत गस्त चुकलेली दिसली की मी सगळ्यांसमोर फाडून काढत असे, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. सरकारी शिक्क्याची आमची डायरी खोटी, आणि अक्षर न येणाऱ्या बाईची भिंत खरी. मी फक्त डायरी बघून थांबलो असतो, तर त्या एका ओळीवर मास्तरला आत घातलं असतं आणि छाती पुढे काढून फिरलो असतो. आज लिहितानाही लाज वाटते.

बाकीच्या अकरा घरांतही पाहून घेतलं, तिथेही तेच निघालं. अहवालात मी सगळं लिहिलं. गुन्हा होत नाही, मोजणी खरी, पत्रं विद्यापीठाकडे पडून राहिली, आणि त्या दिवसाची आमची डायरी खोटी. हवालदारांनी एकदाच विचारलं, "हे लिवायलाच पायजे काय?" मी हो म्हणालो. आम्हा दोघांनाही वरून ठपका आला. तो माझ्या सेवापुस्तकात शेवटपर्यंत राहिला आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

हेडक्लार्क जाण्यापूर्वी गावकीला भेटले. समन्स येणार नाही, असं मी त्यांच्या शेजारी उभं राहून सांगितलं. मग मस्टर पंचांसमोर दुरुस्त झालं. वरच्या वाडीच्या त्या बाईला हेडक्लार्कांनी नाव विचारलं, तेव्हा ती पहिल्यांदाच गोंधळली.

"कुठलं सांगू? म्हायेरचं का हितलं?"

"ज्या नावाने हाक मारली की तुम्ही वळून बघता, ते सांगा," हेडक्लार्क म्हणाले.

तिने माहेरचं सांगितलं. शेजारच्या बायका हसायला लागल्या, कारण ते त्यांनाही माहीत नव्हतं.

तपासणीला आलेल्या पाहुण्यापुढे हेडक्लार्कांनी आपल्या चुकीसकट सगळे कागद ठेवले. पैसा बंद झाला नाही. मास्तर कामावर राहिला. काही वर्षांनी छापील अहवालाची एक प्रत त्याने मला आणून दिली. शेवटच्या पानावर बारा बायकांची नावं आहेत, आणि तक्त्यात श्रावणातला तो मंगळवार कोराच छापला आहे.

प्रत अजून माझ्याकडे आहे. त्या प्रकरणानंतर मी माझ्या माणसांना सांगून टाकलं होतं, गस्त झाली नाही तर डायरीत 'झाली नाही' असं लिहा, मी रागावणार नाही. पहिल्यांदा तसं लिहायला हवालदारांना पुढचा पावसाळा लागला. त्या ओळीखाली मी सही केली तेव्हा मला त्या बाईची चुलीमागची भिंत आठवली. तोवर ती सारवून गेली असणार.